ट्रॅकसाठी हलकी गाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या, हलक्या मोटारीत तिच्यापेक्षा मोठं इंजिन बसवायचं आणि ती ट्रॅक डेला (रेस ट्रॅक हौशी चालकांना खुला असतो त्या दिवशी) पळवायची, या विषयावर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी पट्ट्यातून पत्रं येत आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. ताकद मिळवणं सोपं आहे. ती ताकद वीस मिनिटं सलग टिकवणं, हे खरं काम. तेल, पाणी आणि ब्रेक यांचा हिशोब इंजिन विकत घेण्याच्या आधी मांडा.

प्रश्न : घरी १९९७ ची कार्बोरेटरवाली झेन उभी आहे. एस्टीमचं एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल देणारं) इंजिन भंगारात मिळतंय. मित्र म्हणतात, मारुती ८०० घे, ती आणखी हलकी. कशात बसवावं आणि काय काय विकत घ्यावं? (टिळकवाडी, बेळगाव)

झेनच ठेवा. ८०० सुमारे शंभर किलोनं हलकी आहे हे खरं, पण तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, वेगळ्या जातकुळीचं. झेनचं ९९३ सीसी आणि एस्टीमचं १,२९८ सीसी ही दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी मालिकेतली, ॲल्युमिनियम ब्लॉकची, चार सिलिंडरची. त्यामुळे झेनमध्ये कापाकापी कमी होते आणि झेनचाच गिअरबॉक्स, झेनचेच एक्सल वापरता येतात. तरीही पैसे मोजण्याआधी इंजिनची मागची बाजू आणि तुमच्या गिअरबॉक्सची बेल हाउसिंग (क्लच झाकणारं कवच) डॉवेल पिनांसकट प्रत्यक्ष जुळवून पाहा. भंगारात कुठल्या इंजिनला कुठला ब्लॉक लागून आलाय, याची खात्री कुणी देत नाही.

नुसतं इंजिन घेऊ नका. त्याच गाडीचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, थ्रॉटल बॉडी, सगळे सेन्सर, इंजेक्टर रेल आणि फ्युएल पंप एकत्र घ्या. वायरिंग कापून दिलं तर तो सौदा सोडा. इंजिन स्वस्तात मिळतं आणि वायर शोधण्यात महिने जातात. शक्य असेल तर इंजिन गाडीत असतानाच कॉम्प्रेशन तपासा: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार. १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळालं तर उत्तम. १२ च्या खाली गेलं, किंवा दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक आला, तर रिंग आणि व्हॉल्व्हचं काम धरूनच भाव करा. ॲल्युमिनियमचं इंजिन एकदा तापलं की हेड वाकतं. हेड उतरवून स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावा. ०.०५ मिमीची पाती कुठेही शिरली तर हेड फेसिंगला (तोंड मशीनवर सपाट करायला) द्या. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मागचं क्रँक ऑइल सील विचार न करता नवं घाला. नंतर यासाठी परत इंजिन उतरवावं लागतं.

कार्बोरेटरच्या झेनला साधा मेकॅनिकल पंप असतो. इंजेक्टरला अडीच-तीन बारचा दाब लागतो. त्यामुळे इलेक्ट्रिक पंप, इंजेक्शनसाठीचाच होज आणि टाकीकडे परतीची लाइन हवी. कार्बोरेटरचा साधा रबरी पाइप इथे लावला तर तो फुगून फाटतो, तोही गरम एक्झॉस्टच्या शेजारी. टाकी अर्ध्यावर आली की वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. यासाठी सव्वा ते दीड लिटरचा छोटा स्वर्ल पॉट बसवा. टाकीतून एक साधा पंप त्यात पेट्रोल टाकेल आणि मोठ्या दाबाचा पंप त्यातून ओढेल.

माउंटिंगचं माप इंजिन चेनपुलीला टांगून, गिअरबॉक्स आणि दोन्ही एक्सल जोडूनच घ्या. चाक पूर्ण खाली लोंबकळताना आणि पूर्ण वर दाबलेलं असताना, दोन्ही टोकांना आतल्या जॉइंटमध्ये किमान ५ मिमी सरकायची जागा उरली पाहिजे. उरली नाही तर पहिल्याच खड्ड्यात जॉइंट गिअरबॉक्सच्या अंगावर येतो. लांबी जुळत नाही म्हणून एक्सल कापून वेल्डिंग करणारे फिटर आपल्याकडे आहेत. तसं कधीच करू देऊ नका. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि शाफ्ट नेमका क्लच सोडताना तुटतो. गरजच पडली तर ईएन २४ या मजबूत पोलादाचा नवा शाफ्ट करून घ्या. स्प्लाइन (टोकाच्या खाचा) काढणं आणि हीट ट्रीटमेंट दोन्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात होतं.

राहिला गिअरचा प्रश्न. तुमच्या हातातल्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर कुणाला विचारू नका, मोजा. हँडब्रेक लावा, पुढचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू दे, प्लग काढा, तिसरा गिअर टाका. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि क्रँक पुलीवरच्या खडूच्या खुणेचे फेरे मोजा. एकच चाक मोकळं असताना डिफरन्शियल त्याला दुप्पट फिरवतो, म्हणून चाकाचे फेरे दोन. समजा पुलीचे ५ फेरे झाले, तर त्या गिअरचं एकूण गुणोत्तर ५. १६५/६५ आर १३ टायरचा घेर सुमारे १.७१ मीटर, म्हणजे ६,५०० आरपीएमला वेग आला १३३ किमी. करीसारख्या आखूड ट्रॅकवर दुसरा-तिसरा गिअरच जास्त चालतो, तिथे हे गुणोत्तर कामाचं आहे.

प्रश्न : लांब वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे. पंप बदलावा का? (खानापूर)

पंप बदलायची गरज बहुधा नाही, पण गाडी आजपासून ट्रॅकवर नेऊ नका. कंपनीचा ऑइल प्रेशर स्विच दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो. दिवा दिसला त्याच्या आधीच बेअरिंगनं कोरडं फिरून घेतलेलं असतं.

चांगल्या टायरवर गाडी ०.८ जीनं (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोरानं) वळते तेव्हा ऑइल चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ३९ अंशांनी कलतो. वळण लांब असेल तर तेल तसंच कललेलं राहतं आणि पिकअपचं (पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीचं) तोंड उघडं पडतं. याची परीक्षा टेबलावर घेता येते. चेंबर उतरवा, पिकअप त्याच्या जागी धरा, नेहमीच्या लेव्हलइतकं पाणी ओता आणि चेंबर ३९ अंशांत चारही बाजूंना कलवा. तोंड कुठल्या बाजूला उघडं पडतं ते डोळ्यांना दिसेल.

उपाय म्हणजे पिकअपभोवती पत्र्याची पेटी. दीड मिमीचा पत्रा, चार भिंती, प्रत्येक भिंतीला आतल्या बाजूला उघडणारी एक झडप. तेल पेटीत येईल, बाहेर जाणार नाही. वरून आडवा पत्रा टाका म्हणजे ब्रेक मारताना तेल क्रँकवर उसळत नाही; हेडमधून उतरणाऱ्या तेलासाठी त्यात वाट मात्र ठेवा. पिकअप आणि तळ यांत ८ ते १० मिमी अंतर असू द्या. बिजागऱ्यांच्या पिना वेल्डिंगनं बंद करा, नुसत्या दाबून बसवलेल्या पिना गळून थेट पिकअपच्या जाळीत जातात. लेव्हल खुणेच्या वर ३०० ते ४०० मिली चालते. त्याहून जास्त तेल ओतलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब धरत नाही. दीड बारला पेटणारा वेगळा स्विच आणि मोठा लाल दिवा डॅशबोर्डवर नजरेसमोर लावा. सुस्त आयडलवर तो पेटेल, त्याचं काही नाही.

एवढं करण्याआधी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहा. चकचकीत कण दिसले तर बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) टोपी उघडा. बेअरिंगचा राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग दिसत असेल तर सगळे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदला आणि प्लास्टिगेजनं (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्यानं) फट तपासा, ०.०२ ते ०.०५ मिमीच्या आत हवी.

प्रश्न : चार लॅपनंतर ब्रेकचं पेडल खाली जातं. नवीन पॅड टाकले तरी तेच. पाठीमागे पण डिस्क बसवू का? (निपाणी)

पेडल खाली जाणं आणि पेडल कडक राहून गाडी न थांबणं, हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्यात पॅड तापून घसरतात. तुमचा पहिला आहे, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय आणि वाफेचे बुडबुडे दाबले जात आहेत. म्हणूनच पॅड बदलून फरक पडला नाही.

किती उष्णता तयार होते ते बघा. ८०० किलोची गाडी १३० वरून ६० वर आणायची तर सुमारे ४१० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला पाऊण हिस्सा पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे एका डिस्कवर दीडशेच्या वर. डिस्क चार किलोची धरली तर एका ब्रेकला ती ८० अंशांनी तापते. एका लॅपमध्ये असे तीन-चार ब्रेक आणि मध्ये थंड व्हायला काही सेकंद.

डॉट ३ दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-जांबोटी बाजूला, अर्धी उघडी बाटली ठेवून पुढच्या वेळी वापरणं म्हणजे ओलं तेलच भरणं. नवी सीलबंद डॉट ४ किंवा ५.१ ची बाटली घ्या, उरलेलं क्लचला वापरा किंवा टाकून द्या. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करा. रबरी होज जुने असतील तर तेही बदला, दाबाखाली फुगणारा होज अगदी याच लक्षणाचा भास देतो.

मग हवा. डिस्कमागचा पत्र्याचा डस्ट शील्ड काढा आणि पुढच्या बंपरमधून ६५ ते ७५ मिमीचा डक्ट होज आणून त्याचं तोंड डिस्कच्या मध्यभागी, हबजवळ सोडा. हवा एकाच पृष्ठभागावर मारली तर एक बाजू थंड, एक गरम राहते आणि डिस्क वाकडी होते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज टायरला घासत नाही ना ते पाहा.

मागे डिस्क बसवू नका. तुमच्या गाडीचं मागचं वजन आधीच कमी, त्यात सीट काढली असेल तर आणखी कमी. तिथे ब्रेक वाढवला तर मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडी फिरेल. ड्रमचे शू आणि व्हील सिलिंडर धड ठेवा, बस्स. सेशन संपताना एक लॅप ब्रेक न वापरता सावकाश फिरा आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

प्रश्न : मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. फ्लायव्हील हलकं करायचं आहे. किती काढता येईल? (मजगाव, बेळगाव)

काढता किती येतं यापेक्षा काढून मिळतं किती, ते आधी पाहा. ११० मिमी त्रिज्येवरून दीड किलो काढलं, तर एकूण गुणोत्तर ८ असलेल्या दुसऱ्या गिअरमध्ये ते गाडीचं वजन सुमारे १६ किलोनं कमी केल्यासारखं आहे. गुणोत्तर ५ असलेल्या तिसऱ्यात फक्त ६ किलो. मागची सीट आणि तिच्याखालचं डांबरी शीट काढलं तर त्याहून जास्त मिळतं, तेही प्रत्येक गिअरमध्ये आणि ब्रेक मारतानाही. म्हणून एक ते दीड किलोवर थांबा.

मूळ फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं आहे. माल मागच्या बाजूनं, बाहेरच्या कडेकडून काढा. क्रँकच्या बोल्टांभोवतीचा भाग आणि क्लच प्लेट घासते त्या तोंडामागची जाडी यांना हात लावू नका. पहिल्या भागात भेगा सुरू होतात, दुसरा उष्णता साठवतो. कोपऱ्यात टूलचा तीक्ष्ण ठसा राहू देऊ नका, किमान ३ मिमीची त्रिज्या ठेवा. फिरतानाचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो: ६,००० चे ७,५०० आरपीएम केले की तो दीडपटीहून जास्त होतो. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग फोडून चालकाच्या पायांपर्यंत येतं.

लेथवर लावण्याआधी डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा लाल रंग) मारून तोंड तपासा, फाउंड्रीत हे रोजचं आहे. निळे डाग घासून जातील, पण त्यांच्यातून केसासारखी लाल रेघ उमटली तर ते फ्लायव्हील भंगारात द्या. मशीनिंगनंतर प्रेशर प्लेट जोडून दोन्ही एकत्र बॅलन्स करा आणि एकमेकांसमोर खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी क्लच बदलताना सगळं बॅलन्सिंग वाया जाईल. ७,००० च्या वर जायचंच असेल तर ओतीव लोखंडाचा विचार सोडून पूर्ण स्टीलचं नवं फ्लायव्हील करा.

प्रश्न : आरसीवर जुनाच इंजिन नंबर आहे. ही गाडी ट्रॅकपर्यंत चालवत नेली तर चालेल का? (चिकोडी)

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदल आरसीवर चढवावा लागतो. तसं नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. गाडी ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर न्या, सोबत आरसी आणि इंजिनची पावती ठेवा. पावतीवर इंजिन नंबर लिहून घेतल्याशिवाय भंगारवाल्याला पैसे देऊ नका. आणि चोर्ला घाटात चाचणी घेण्याचा मोह टाळा. तिथे समोरून बस येते, ट्रॅकवर येत नाही.

प्रश्न : वायरिंगची कटकट नको म्हणून कार्बोरेटरच ठेवायचा विचार आहे. इथे ट्यून करून चेन्नईला नेलं तर फरक पडेल? (शहापूर, बेळगाव)

पडेल, आणि नको त्या दिशेनं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. चेन्नईला हवेचा दाब इथल्यापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त. कार्बोरेटर त्या दाट हवेला पुरेसं पेट्रोल देत नाही, मिश्रण साधारण चार टक्क्यांनी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. तिथल्या उन्हात हवा तापून विरळ होते त्यानं थोडं भरून निघतं, पण गरम हवेत नॉकिंगही (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) लवकर सुरू होतं, म्हणून त्या भरवशावर राहू नका.

त्यात ई २० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई २० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) आणखी आठ टक्के लीन. जुन्या मॅन्युअलमधला जेट नंबर आता उपयोगाचा नाही. वाइडबँड लॅम्बडा सेन्सर लावा आणि आकडा लॅम्बडामध्येच वाचा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त), पेट्रोल कुठलंही असो तो फसवत नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ हवं. मेन जेट एक-दोन साइझ मोठे सोबत न्या, तिथे आधी मोठ्या जेटनं सुरुवात करा आणि मग खाली या.

एमपीएफआयला मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असतो, तो उंची स्वतः सांभाळतो. पण कंपनीचा ईसीएम पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरकडे बघत नाही, त्यामुळे ई २० चा लीनपणा तिथेही राहतो. वाइडबँडवर ०.९ च्या वर आकडा दिसला तर फ्युएल प्रेशर थोडं वाढवा किंवा प्रोग्रॅम होणारा ईसीएम घ्या. वायरिंगची कटकट एकदाच होते. आमचं मत एमपीएफआयच्या बाजूनं.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. पाइपची चॅसी करून झेन-एस्टीमचा सगळा संच चालकाच्या मागे बसवायचा आहे. कुठे अडेल? (बेळगाव)

कल्पना जुनी आणि सिद्ध झालेली आहे. फियाटनं १९७२ मध्ये एक्स १/९ अशीच केली, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या १२८ चा संच उचलून सीटमागे ठेवला. वजन साडेपाचशे किलोच्या आत ठेवता आलं तर एस्टीमच्या इंजिनची ८५ हॉर्सपॉवर भरपूर आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या दिशेला तोंड करून आहेत तसेच मागे सरकवा. जागा सोयीची म्हणून १८० अंशांत फिरवले तर पाच गिअर मागे जायचे आणि एक पुढे जायचा होईल. गिअरचा दांडा आता उलट्या बाजूला राहतो. रॉड वाकवत बसण्यापेक्षा केबल गिअर असलेल्या गाडीच्या दोन केबल वापरा, वळणाची त्रिज्या मोठी ठेवा.

पुढच्या चाकाचा स्टिअरिंग नकल (चाकाचा हब धरणारा भाग) मागे गेल्यावर स्टिअरिंगचा टाय रॉड चॅसीला पक्का बांधावा लागतो. तो लोअर आर्मला समांतर आणि तितक्याच लांबीचा हवा. नसेल तर चाक वरखाली होताना मागची चाकं स्वतःच वळतात, आणि हे पहिल्या वेगवान वळणात कळतं. चाक ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली नेऊन टो (चाक आत-बाहेर किती वळलं ते) मोजा, स्प्रिंग काढून, दर १० मिमीला.

रेडिएटर पुढेच ठेवा. ३२ मिमीचे ॲल्युमिनियम पाइप बाजूनं, चालकाच्या कप्प्याबाहेरून न्या. सगळ्यात उंच जागी हेडर टँक, रेडिएटरच्या आणि हेडच्या माथ्यावर ब्लीड निपल. पाणी भरताना नाक जॅकवर उंच उचला, नाहीतर लांब पाइपमध्ये हवा अडकून हेड तापेल आणि गेज मात्र थंड दाखवेल, कारण सेन्सर वाफेत असतो.

चॅसीला २५ x २५ x १.६ मिमीचा चौकोनी पाइप चालतो. चालकामागचा मुख्य हूप (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी कमान) मात्र ४५ x २.५ मिमीचा कोल्ड ड्रॉन सीमलेस, आधाराचे पाइप ३८ x २.५. आंतरराष्ट्रीय नियमांतलं माप तेच आहे आणि पाइपची ताकद किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी हवी, तिचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. फर्निचरचा शिवणीचा पाइप तिथे नको, तो वाकवताना शिवणीवर उकलतो. हूप वाकवताना आत वाळू भरा किंवा मँड्रेल बेंडर वापरा. वाकलेल्या जागी पाइप चपटा झाला तर तो तुकडा बाजूला काढा.

सगळी चौकट आधी सपाट टेबलावर टॅक करा (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडा), कर्ण मोजा, दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मग एकाच कोपऱ्यात पूर्ण वेल्डिंग न करता समोरासमोरचे सांधे आळीपाळीनं घ्या. वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरनं सपाट करू नका, दिसायला सुंदर दिसतो पण सांधा पातळ होतो. रंग लावायच्या आधी इंजिन, सीट आणि पेडल बसवून चालकाला हेल्मेट घालून आत बसवा आणि पुढच्या-मागच्या हूपवर सरळ पट्टी टेकवा. पट्टी आणि हेल्मेट यांत किमान ५० मिमी अंतर उरलं पाहिजे. उरलं नाही तर हूप उंच करा, सीटचा फोम कमी करून जागा काढू नका.